खालचा मजला मागेल तेव्हाच वरचा तापतो

आमच्या घरातल्या हीटिंगचे तीन झोन आहेत. तळमजला, वरच्या झोपायच्या खोल्या आणि मागच्या बाजूला नंतर वाढवलेली पाहुण्यांची खोली. बॉयलर एकच, गरम पाणी फिरवणारा पंपही एकच. तळघरात बॉयलरशेजारी मुख्य पाइपाला तीन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्यावर विजेवर उघडणारा एकेक व्हॉल्व्ह बसवलेला आहे. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की त्या झोनचा व्हॉल्व्ह उघडतो, बॉयलर पेटतो, पंप सुरू होतो आणि पाणी त्या भागातल्या रेडिएटरांकडे जातं. सगळं नीट चालू असतं तेव्हा यातलं काहीही आपल्याला माहीत असण्याची गरज पडत नाही.

वरच्या मजल्यावर रात्री थंडी वाजायला लागली तेव्हा गरज पडली. थर्मोस्टॅटवर १९ अंश लावलेले, पडद्यावर हीटिंग चालू असल्याची खूण दिसतेय, आणि रेडिएटरला हात लावावा तर गार. सकाळी सातच्या पुढे तो आपोआप तापायचा. मुलीची खोली वरच आहे. ती रोज सकाळी खाली येऊन म्हणायची, "आई, तुमच्याकडे किती मस्त गरम आहे." यात कौतुक कमी आणि तक्रार जास्त.

सल्ले भरपूर मिळाले. सगळ्यांचा पहिला संशय थर्मोस्टॅटवर, कारण घरात दिसणारी वस्तू तेवढी एकच. बोलावलेल्या टेक्निशियननेही तोच बदलला. नवा थर्मोस्टॅट दिसायला छान होता, रात्री खोली पूर्वीइतकीच गार. दुसरा संशय हवेवर. पाइपात हवा अडकली की पाणी पुढे सरकत नाही, हे खरं आहे. रेडिएटरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू चावीने सैल केला की आधी हिस्स करून हवा येते, मग पाणी. मी वरच्या सगळ्या रेडिएटरांची हवा काढली. थोडीशी निघाली, बहुतेक ठिकाणी लगेच पाणीच आलं. पण मुळात हवेचा संशय मला पटतच नव्हता. हवा अडकली असती तर तिने दिवसाही पाणी अडवलं असतं. सकाळी सातला ती कुठे फिरायला जाते का?

मग मी एक वही घेतली. वेळ, तिन्ही थर्मोस्टॅटवरचे आकडे, कोणता झोन उष्णता मागतोय, बॉयलर चालू की बंद, आणि वरच्या मजल्याकडे जाणारा पाइप गरम की गार, एवढंच त्यात लिहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण झोनवाल्या हीटिंगमध्ये याला पर्याय नाही असं माझं मत आहे. एका झोनचं काय चाललंय हे बाकीच्या झोनचं काय चाललंय यावर अवलंबून असतं, आणि ते सगळं एकाच वेळी कुणाच्या लक्षात राहत नाही.

वहीत लवकरच एक विचित्र नोंद सापडली. ऊन असलेल्या एका दुपारीही वरचा मजला गार पडला होता. म्हणजे बिघाड रात्रीचा नव्हताच. त्या दुपारी आणि सगळ्या रात्रींमध्ये सारखं काय होतं? तळमजला उष्णता मागत नव्हता. आमच्याकडे तळमजल्याचा थर्मोस्टॅट दिवसा २० वर असतो आणि रात्री १६ वर उतरतो. रात्री तिथलं तापमान १६ च्या खाली जायला पहाट होते, त्यामुळे रात्रभर तो झोन गप्प असतो. दुपारी खिडक्यांतून ऊन आत आलं की तेव्हाही तो गप्प. सकाळी सातला त्याचं वेळापत्रक त्याला पुन्हा २० वर आणतं, बॉयलर पेटतो, आणि वरचा मजलाही तापायला लागतो.

हे ताडून पाहणं सोपं होतं. तळमजला आणि पाहुण्यांची खोली, दोन्ही थर्मोस्टॅट अगदी खाली आणले. वरचा २३ वर नेला. तळघरात जाऊन उभी राहिले. वरच्या झोनच्या व्हॉल्व्हमधून मोटरची बारीक घुर्र ऐकू आली, मग थांबली. बॉयलर मात्र ढिम्म. पंपही बंद. पाच मिनिटं वाट पाहिली, पाइप गार. मग नवऱ्याला हाक मारून तळमजल्याचा थर्मोस्टॅट वाढवायला सांगितलं. तो व्हॉल्व्ह उघडला, बॉयलर पेटला, पंप सुरू झाला, आणि थोड्याच वेळात खालचा आणि वरचा दोन्ही पाइप गरम.

या एका प्रयोगाने तीन गोष्टी सुटल्या. वरच्या झोनमधून पाणी जात होतं, म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह उघडत होता. व्हॉल्व्ह उघडत होता, म्हणजे थर्मोस्टॅट आपलं काम करत होता आणि भिंतीतली वायरही शाबूत होती. तळमजल्याच्या मागणीवर बॉयलर आणि पंप चालत होते, म्हणजे त्यांच्यातही दोष नव्हता. वरचा झोन उष्णता मागत होता, दार उघडून बसला होता, पण त्याची मागणी बॉयलरपर्यंत पोचत नव्हती. दुसऱ्या कुणासाठी पाणी तापलं की त्यातलं याला मिळायचं.

मागणी पोचवण्याचं काम व्हॉल्व्हच्याच डोक्यात बसवलेला एक छोटा खटका करतो. त्याला एंड स्विच म्हणतात. थर्मोस्टॅट बॉयलरशी थेट बोलत नाही, असं अनेक घरांत असतं आणि आमच्याकडेही तसंच आहे. थर्मोस्टॅट फक्त व्हॉल्व्हच्या मोटरला वीज देतो. मोटर स्प्रिंगच्या विरुद्ध फिरून व्हॉल्व्ह उघडते, आणि तो पुरता उघडला की शेवटच्या टप्प्यावर एक लहानशी पट्टी हा स्विच दाबते. मग बॉयलरला निरोप जातो की वाट मोकळी आहे, पेटायला हरकत नाही. वीज गेली की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते आणि स्विच सुटतो. यामागचा विचार शहाणपणाचा आहे. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना बॉयलर पेटला आणि पंप फिरला, तर पाण्याला जायला जागाच नसते.

तिन्ही व्हॉल्व्हचे एंड स्विच बॉयलरच्या त्याच दोन टर्मिनलांना समांतर जोडलेले असतात. एकाच घंटीला तीन दारांवर तीन बटणं असावीत तसं. कुठलंही दाबा, घंटी वाजते. आणि म्हणूनच एक बटण बिघडलं तर ते पटकन कळत नाही, कारण दुसऱ्या दारावर कुणी ना कुणी दाबत असतंच. आमचा हा स्विच कधीपासून गेलेला होता, सांगता येणार नाही. कडाक्याच्या थंडीत तळमजला जवळजवळ अखंड मागत राहतो, तेव्हा वरचा मजलाही त्याच्या जिवावर छान तापत असणार.

आता मल्टिमीटर. आमच्या व्हॉल्व्हची वायरिंग २४ व्होल्टची आहे, ट्रान्सफॉर्मरमधून येणारी. त्यामुळे त्यात हात घालायला मी तयार झाले. सगळीकडे असं नसतं. काही देशांतल्या घरांत असेच व्हॉल्व्ह थेट २३० व्होल्टवर चालतात, आणि त्यातली एक वायर थर्मोस्टॅट बंद असतानाही जिवंत असते. तिथे हे काम इलेक्ट्रिशियनचं. बॉयलरचं बर्नर, गॅसचा व्हॉल्व्ह, धुराडं यांना तर मी कुठल्याच व्होल्टेजला हात लावत नाही. तळघरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना आणि तो वाजतो ना, एवढं आधी बघून घेतलं.

वरचा झोन मागत असताना मोटरच्या दोन वायरींवर मीटर लावला, २६ च्या आसपास व्होल्ट दिसले. ट्रान्सफॉर्मरवर भार कमी असला की आकडा २४ च्या थोडा वर दिसतोच. म्हणजे मोटरला वीज पोचत होती. व्हॉल्व्हच्या बाजूला हाताने उघडायचा एक लिव्हर असतो. व्हॉल्व्ह बंद असेल तर तो स्प्रिंगचा जोर दाखवतो, मोटरने आधीच उघडलेला असेल तर सैलसर हलतो. आमचा सैल हलला. इथे एक बारकावा आहे. आमच्यासारख्या व्हॉल्व्हमध्ये लिव्हरने उघडलं तर एंड स्विच दाबलाच जात नाही, तो फक्त मोटरच्या पूर्ण फेरीनेच दाबला जातो. तेव्हा लिव्हर ओढून बॉयलर पेटला नाही, म्हणून स्विच वाईट असं ठरवू नये. अशा निष्कर्षावर चांगले व्हॉल्व्ह काढून फेकले जातात.

मग बॉयलरची वीज मेन स्विचवरून बंद केली, एंड स्विचच्या दोन वायरी बाकीच्या जुडग्यातून सोडवल्या, व्हॉल्व्हच्या मोटरची वीज तेवढी पुन्हा चालू केली आणि व्हॉल्व्ह पुरता उघडू दिला. मीटर आता सलगता तपासायच्या खुणेवर, ज्यात जोड असला की टूं वाजतं. वरच्या झोनचा स्विच मुका. तुलनेसाठी तळमजल्याच्या व्हॉल्व्हवर हेच केलं, तो लगेच वाजला. वायरी सोडवल्याशिवाय ही तपासणी करण्यात अर्थ नाही. स्विच समांतर असल्याने शेजारच्या स्विचचा जोड मीटर आपल्याच नावावर दाखवतो.

अजून एक खात्री हवी होती. सगळं पूर्ववत जोडून बॉयलर चालू केला, फक्त वरचा झोन मागत ठेवला, आणि एंड स्विचकडून आलेल्या बॉयलरच्या त्या दोन वायरींची टोकं क्षणभर एकमेकांना लावली. आमच्या बॉयलरवर ही टर्मिनलं कमी व्होल्टेजची आहेत हे त्याच्या झाकणाच्या आतल्या आकृतीवर आधी वाचून घेतलं होतं. टोकं जुळताच पंप फिरला आणि बॉयलर पेटायच्या तयारीला लागला. वायरी सोडल्या, थांबला. आता शंका उरली नाही.

दुरुस्ती तपासणीपेक्षा लहान निघाली. व्हॉल्व्हचे दोन भाग असतात, पाण्यातलं पितळी अंग आणि वर बसणारं मोटर-स्विचचं डोकं. बऱ्याच मॉडेलांत डोकं पाणी न काढता बदलता येतं, आमचं तसंच होतं. डब्यावरचा मॉडेल क्रमांक, व्होल्टेज आणि एंड स्विच आहे की नाही, या तिन्ही गोष्टी जुळवून नवं डोकं मागवलं. शेवटची गोष्ट बघायला विसरू नका, कारण दिसायला हुबेहूब असणारी काही डोकी एंड स्विचशिवाय येतात. जोडण्याआधी वायरींचा फोटो काढला आणि प्रत्येकीवर कागदी टेपचा तुकडा चिकटवला. नवरा जिन्यावरून विचारत होता, "अगं, वीज बंद केलीस ना नक्की?" केली होती, आणि मीटर लावून बघितलीही होती. स्विच बंद करणं आणि वीज नसणं या माझ्या लेखी दोन वेगळ्या नोंदी आहेत.

काढलेलं डोकं मी उघडून पाहिलं. स्विच दाबणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीचं टोक झिजलं होतं आणि आतले संपर्क काळवंडलेले होते. दोन्हींपैकी आधी काय झालं ते ओळखता येईना.

त्या रात्री वरचा मजला १९ वर टिकला. मुलीने सकाळी काहीच म्हटलं नाही. आमच्याकडे हीच पावती.

पण वही मी चालूच ठेवली होती, म्हणून दुसरा दोष सापडला. पाहुण्यांच्या खोलीत कुणी नसतं. तिथला थर्मोस्टॅट १२ वर ठेवलेला, फक्त पाइप गोठू नयेत म्हणून. आता ती खोली रात्री १९-२० पर्यंत तापायला लागली. तिचा थर्मोस्टॅट काहीच मागत नव्हता. ती दिवसाही थोडीफार तापत असणार, पण बंद दाराआड कोण बघतंय. वरचा झोन दुरुस्त झाल्यामुळे बॉयलर रात्रभर चालू लागला आणि झाकलेलं उघडं पडलं.

नको तिथे उष्णता जाते तेव्हा एक प्रश्न सगळ्यांत आधी सोडवावा. ती खोली नेहमी तापते, की दुसरा झोन चालू असतानाच? नेहमी तापत असेल आणि तिच्यामुळे बॉयलरही पेटत असेल, तर थर्मोस्टॅट किंवा त्याची वायर आतून जुळलेली असू शकते, म्हणजे दोष विजेचा. फक्त दुसऱ्याच्या मागणीच्या वेळी तापत असेल, तर तिचा व्हॉल्व्ह बंद होत नाही. आमचं दुसऱ्या प्रकारातलं. खात्रीसाठी त्या व्हॉल्व्हच्या मोटरची वायरच काढून ठेवली. वीज नाही म्हणजे स्प्रिंगने तो बंद व्हायलाच हवा. तरीही व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप गरम होत होता.

आणखी एक शक्यता तपासायची राहिली होती. गरम पाणी हलकं असतं, ते आपल्या मर्जीने वर चढतं, कधीकधी परतीच्या पाइपातून उलटंही शिरतं. ते ओळखायचं हाताने. थंड पडलेल्या झोनवर दोन्ही पाइपांवर हात ठेवून बसायचं आणि आधी कोणता तापतो ते बघायचं. परतीचा आधी तापला तर पाणी उलट्या वाटेने येतंय, तिथे उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बघायचा. आमच्याकडे जाणारा पाइप आधी तापला, तोही व्हॉल्व्हपासून पुढे सरकत. म्हणजे पाणी बंद व्हॉल्व्हमधूनच पाझरत होतं.

या जातीच्या व्हॉल्व्हच्या आत एक रबरी गोळा पाण्याची वाट अडवतो. तो झिजला, किंवा त्याच्या बैठकीवर गंज-कचऱ्याचा कण बसला की झाकण पुरतं लागत नाही. डोकं काढून दांडा हाताने मागे-पुढे फिरवला तर काही वेळा कण सुटतो. आमचा सुटला नाही. इथून पुढे पाणी काढून पितळी अंगाला हात घालायचा होता, आणि ते काम मी प्लंबरकडे दिलं. वहीतली पानं त्याला दाखवली. त्याने ती वाचली, पाइपांना हात लावला आणि थेट त्या एकाच व्हॉल्व्हकडे गेला. घरभर शोधण्यात त्याचा वेळ आणि आमचे पैसे, दोन्ही वाचले.

पाणी काढून भरलं की पाहायच्या गोष्टी वाढतात. गार असताना दाब १.२ बारच्या आसपास ठेवला. पाणी सर्वांत उंच रेडिएटरपर्यंत चढायला हवं, आणि दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब लागतो, त्यावर थोडा जास्तीचा. दोन मजल्यांच्या घराला एवढा पुरतो. घरगुती बॉयलरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बहुधा २ ते ३ बारच्या दरम्यान उघडतो. पाणी गार असताना आणि ८० अंशांवर असताना त्याच्या आकारमानात अडीच-तीन टक्क्यांचा फरक पडतो. हे वाढीव पाणी एक्स्पान्शन टँक सामावून घेतो, त्यातल्या पडद्यामागे हवा भरलेली असते. आमचा काटा गरम झाल्यावर १.७ च्या आसपास थांबला, म्हणजे टँक ठीक. तो थेट सेफ्टी व्हॉल्व्हच्या आकड्याकडे धावला असता तर टँकातली हवा गेली असं समजलं असतं. वारंवार ताजं पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि ताज्या पाण्यासोबत ऑक्सिजनही आत जातो, जो लोखंडी रेडिएटर आतून खातो. पूर्वी तो काळा गाळ बादलीत पाहिलेला असल्यामुळे मी याबाबतीत जरा जास्तच काटेकोर आहे.

शेवटची कुरबुर बॉयलरची. तिन्ही झोन शिस्तीत आले तसं एक नवंच दिसायला लागलं. मध्यरात्री फक्त वरचा झोन मागत असला की बॉयलर पेटतो, तीन-चार मिनिटांत पाणी वरच्या मर्यादेला पोचतं, बर्नर विझतो, आणि जरा वेळाने पुन्हा पेटतो. बॉयलर निवडलेला सगळ्या घरासाठी, आणि उष्णता घ्यायला वरचे चार रेडिएटर. तो जेवढी तयार करतो तेवढी ते खोलीत टाकू शकत नाहीत. सारखं पेटणं-विझणं यंत्राला वाईट आणि इंधनालाही. पूर्वी वरचा झोन तळमजल्यासोबतच तापायचा म्हणून हे कधी दिसलं नव्हतं.

घराचे जितके झोन तितकं चांगलं, ही समजूत मला आता मान्य नाही. लहान झोन म्हणजे बॉयलरला लहान काम. पाणी साठवणारी टाकी बसवून यावर उपाय होतो, पण आम्ही तिथवर गेलो नाही. प्लंबरने बॉयलरच्या कंट्रोलवरचा फरक वाढवून दिला, म्हणजे विझल्यावर पाणी अधिक थंड झाल्याशिवाय तो पुन्हा पेटत नाही. मी तळमजल्याचं रात्रीचं तापमान १६ ऐवजी १७.५ केलं, म्हणजे रात्रीतून तो झोनही अधूनमधून मागतो आणि दोघांचं काम एकदम होतं. बर्नर आता एकदा पेटला की बरा वेळ चालतो. प्रत्येक व्हॉल्व्हवर झोनचं नाव आणि डोक्याचा मॉडेल क्रमांक लिहिलेली पट्टी चिकटवली आहे. वरच्या झोनचं जुनं डोकं फेकलेलं नाही, त्याची मोटर अजून चांगली आहे.